टॉवर आपला, चावी कोणाची?

देवळीपासून तासाभरात गाठता येणाऱ्या सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आजही दाखवतात. बोलणारे गांधीजी होते, पण तार आणि एक्सचेंज इंग्रज सरकारचं. दूरसंचारात स्वराज्य कशाला म्हणायचं, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला असा जुना आहे.

त्याला पहिलं ठोस उत्तर दिलं १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने. १२८ लाइनींचं त्यांचं ग्रामीण एक्सचेंज एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालायचं. विदर्भाच्या मे महिन्यात याचं मोल काय, हे देवळीकरांना सांगायला नको. देवळीचा ०७१५८ हा कोड पाठ असलेली पिढी त्याच काळातली.

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवांची ‘भारत संचार निगम’ ही कंपनी झाली. दोन वर्षांत मोबाइलही आला. मात्र लँडलाइनमध्ये कमावलेली विद्या मोबाइलमध्ये उतरली नाही. कंपनी शंभर टक्के सरकारी, यंत्रं नोकियाची, झेडटीईची. ग्राहक कोण, कुठे आहे, कॉल कुणाला जोडायचा, हे सगळं ठरवणारा गाभा म्हणजे ‘कोअर’. त्याचं सॉफ्टवेअर परक्याचं असेल, तर दुरुस्ती आणि अपडेटसाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. त्याने हात आखडला तर? जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या, तेव्हा नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. पैसे भरलेले असूनही!

निगमची परीक्षा २०२० साली झाली. जानेवारीअखेर ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक घडली आणि त्यानंतर निगमची ४जीची निविदा रद्द झाली. यंत्रणा देशी हवी, असं ठरलं. पुढे १५ जून २०२१ पासून विश्वासार्ह ठरवलेल्या पुरवठादारांकडूनच नवी यंत्रं घेण्याचा नियम सगळ्याच ऑपरेटरांना लागू झाला. पण एरिक्सन, नोकिया, सॅमसंग यांच्यावर खासगी कंपन्यांचं भागलं. संपूर्ण स्वदेशीचं व्रत एकट्या निगमच्या गळ्यात पडलं, तेही हातपाय कमी झाल्यावर. माझ्या मते धोरण बरोबर होतं, वाटणी चुकीची. त्याची किंमत ज्यांच्याकडे दुसरं नेटवर्क धड पोहोचत नव्हतं, अशा गावांनी मोजली.

अखेर देशी ४जी यंत्रणा उभी राहिली: कोअर सी-डॉटचा, रेडिओ तेजसचे, जुळणी टीसीएसची. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिला कॉल लागला, मे २०२३ मध्ये सुमारे १५,००० कोटींची ऑर्डर निघाली आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी झारसुगुडा इथून ९७,५०० हून अधिक टॉवरांचं लोकार्पण झालं. मधल्या काळात लाखो ग्राहक निघून गेले. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा त्यातले काही परतले. देशप्रेमापेक्षा रिचार्जचा हिशेब त्यांना घेऊन आला, हे मान्य करायला हरकत नाही.

कोअरची चावी आता घरात आहे; रेडिओतल्या बहुतेक चिप्स अजून बाहेरच्याच. आणि ग्रामीण भागातल्या ग्राहकाचा प्रश्न आणखी साधा आहे: वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी किती वेळ टिकते, आणि ती बदलायला माणूस कधी येतो?