सर कावसजी जहांगीर सभागृह

सर कावसजी जहांगीर सभागृह ही दक्षिण मुंबईतील महात्मा गांधी मार्गावरील एक ऐतिहासिक वास्तू आहे. सार्वजनिक सभांसाठी बांधलेल्या या वास्तूत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची मुंबई शाखा आहे. काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन (१९५२) ही याच घराण्याच्या देणगीतून उभी राहिलेली वेगळी संस्था होय.

इतिहास

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून हे सभागृह उभारण्यात आले. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी त्याचा आराखडा केला. समोरचे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि गेटवे ऑफ इंडिया याही त्यांच्याच रचना आहेत. येथे राजकीय सभा व संगीताचे कार्यक्रम होत असत. पुढे शहरात अधिक सोयीची नाट्यगृहे झाल्यावर सभागृहाचे महत्त्व ओसरले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, विक्री प्रदर्शने आणि लग्नाचे स्वागतसमारंभ यांसाठी ते भाड्याने दिले जाऊ लागले.

रूपांतर

या वास्तूचे कलादालन व्हावे यासाठी शिल्पकार पिलू पोचखानावाला यांच्यासह कलाक्षेत्रातील अनेकांनी पाठपुरावा केला. रूपांतराचा आराखडा दिल्लीचे वास्तुविशारद रोमी खोसला यांनी केला. बाह्यरूप कायम ठेवून आतील उंच पोकळीत वेगवेगळ्या पातळ्यांवर पाच दालने रचण्यात आली. प्रेक्षक जिन्याने एका दालनातून दुसऱ्या दालनात जात सर्वांत वरच्या घुमटाखालील दालनात पोहोचतो. रूपांतरास सुमारे बारा वर्षे लागली. वास्तू टिकली, मात्र मूळ सभागृहाचा सलग अंतर्भाग राहिला नाही.

व्यवस्थापनाविषयीचा वाद

८ फेब्रुवारी २०१९ रोजी चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अभिनेते व चित्रकार अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाल्याबद्दल आणि बाहेरच्या प्रदर्शनांना मिळणारी जागा घटवण्याच्या निर्णयाबद्दल टीका केली. भाषण बरवे यांच्यापुरते मर्यादित ठेवावे, असे सांगून त्यांना मध्येच थांबवण्यात आले. संस्थेच्या संग्रहाला किती जागा द्यावी, शहरातील कलावंतांसाठी किती राखावी आणि हे कोणी ठरवावे, हे प्रश्न या घटनेमुळे देशभर चर्चिले गेले.

अन्य उदाहरणे

राष्ट्रीय आधुनिक कला दालनाच्या अन्य वास्तूही पुनर्वापरातील आहेत. दिल्लीतील दालन १९५४ मध्ये जयपूर संस्थानाच्या जयपूर हाऊसमध्ये, तर बंगळूरचे २००९ मध्ये माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये सुरू झाले. कोलकात्याच्या करन्सी बिल्डिंगमध्ये पूर्वी आग्रा बँकेचे कार्यालय होते. १९९०च्या दशकात तिचे पाडकाम सुरू झाले होते, परंतु ते थांबवण्यात आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दुरुस्त केलेली ही इमारत जानेवारी २०२० मध्ये कलासंग्रहालय म्हणून खुली झाली.