दत्तात्रय (पुरुषनाम)

दत्त या देवतेवरून ठेवले जाणारे मुलाचे नाव. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व तेलंगण या भागांत ते रूढ आहे. मूळ संस्कृत रूप दत्तात्रेय. मराठीत बोलण्यात आणि कागदोपत्रीही ‘दत्तात्रय’ अधिक चालते. शाळेच्या दाखल्यावरचा दत्तात्रय घरी मात्र दत्ता किंवा दत्तू असतो.

व्युत्पत्ती व अर्थ : ‘दत्त’ म्हणजे दिलेला आणि ‘आत्रेय’ म्हणजे अत्री ऋषींचा पुत्र. अत्रींनी अपत्याची इच्छा धरली तेव्हा विष्णूने स्वतःलाच त्यांना देऊन टाकले, म्हणून हा पुत्र दत्त, असे भागवत पुराण सांगते. ‘त्रय’ हा शब्द वेगळा काढून ब्रह्मा, विष्णू व महेश या तिघांशी नावाचा अर्थ जोडण्याची लोकरूढी आहे. तीन मुखांच्या मूर्तीमुळे तो अर्थ चटकन पटतो, पण नावाची फोड तशी होत नाही. दत्तक आणि देवदत्त या शब्दांतला ‘दत्त’ तोच.

दैवताचा आधार : अत्री व अनसूया यांचा हा मुलगा भागवतात विष्णूचा अवतार म्हणून येतो. त्याच पुराणाच्या अकराव्या स्कंधातला अवधूत पृथ्वी, वारा, मधमाशी अशा चोवीस गुरूंकडून आपण काय शिकलो ते यदुराजाला सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तच मानते. महानुभाव पंथ दत्तात्रेयप्रभूंना पंचकृष्णांपैकी एक मानतो. तिथे त्यांचे रूप एकमुखी आहे. एकनाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी आणि अंबाजोगाईचे दासोपंत हे दत्तोपासक होते. एकाच देवाला इतक्या वाटांनी माणसे येत गेली, म्हणून त्याचे नावही एका जातीपुरते किंवा पंथापुरते राहिले नाही.

नाव घरोघरी कसे पोहोचले : श्रीपाद श्रीवल्लभ आणि नृसिंह सरस्वती यांना दत्तावतार मानले जाते. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधरांनी ‘गुरुचरित्र’ या ओवीबद्ध ग्रंथात सांगितले. त्यात साठ वर्षांच्या निपुत्रिक स्त्रीला गुरुकृपेने मुले झाल्याची कथा आहे. मूल व्हावे म्हणून सात दिवसांचे पारायण करायचे, नृसिंहवाडीला किंवा गाणगापूरला नवस बोलायचा, आणि मुलगा झाला की त्याचे नाव दत्तात्रय ठेवायचे, ही रीत या श्रद्धेतून रुजली. नवसाने झालेल्या मुलाला ‘दिलेला’ म्हणावे, इतके नेमके नाव दुसरे सापडणे अवघड. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, जन्मलेल्या मुलालाही ते ठेवतात.

नावाचा पट्टा बराचसा तीर्थक्षेत्रांच्या मागे जातो : कृष्णा-पंचगंगा संगमावरची नृसिंहवाडी, कृष्णाकाठचे औदुंबर, भीमा-अमरजा संगमाजवळचे गाणगापूर, विदर्भातले कारंजा, मराठवाड्यातले माहूर आणि गोव्यातली सांखळी. गाणगापूर कर्नाटकात असल्याने मराठी आणि कन्नड घरांत हे नाव सारखेच आपले वाटते.

रूपे : घरगुती व सलगीची दत्ता, दत्तू, दत्त्या, आदराची दत्ताजी, दत्तोबा, दत्तोपंत, यांशिवाय दत्तो आणि, विशेषतः कोकण-गोव्याकडे, दत्ताराम. दिगंबर, अवधूत, श्रीपाद, गुरुनाथ, गुरुदत्त व नरसिंह ही याच उपासनेतून आलेली नावे. कुरुंदवाडच्या पलुस्कर घराण्यात ती एकापाठोपाठ दिसतात. हे गाव नृसिंहवाडीजवळच आहे. कीर्तनकार दिगंबरपंत, त्यांचे पुत्र गायनाचार्य विष्णू दिगंबर आणि त्यांचे पुत्र गायक दत्तात्रय विष्णू (1921–55) अशा तीन पिढ्यांत आजोबा आणि नातू दोघेही दत्ताच्या नावाचे.

नामवंत : मराठेशाहीतील सरदार दत्ताजी शिंदे 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर लढताना पडले. अल्पायुषी कवी दत्त म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे (1875–99). इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार, कलासमीक्षक व नेपथ्यकार दत्तात्रय गणेश गोडसे, विनोदी कथाकार दत्ताराम मारुती मिरासदार, संगीतकार दत्ता डावजेकर आणि 1982 च्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत ही आणखी काही नावे. कसोटीपटू दत्तू फडकर यांनी 1947–48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेडला शतक केले. नौकानयनपटू दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळले. त्याआधी राजकारणात बंडारू दत्तात्रेय यांनी हे नाव तेलंगणातून दिल्लीत नेले.

स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे जुळणारे दोन नामवंत विशेष उल्लेखनीय आहेत. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (1896–1981) मराठी घरात जन्मून कन्नडचे थोर कवी झाले. आईचे नाव आपल्या नावाला जोडून त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लेखन केले. 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–86) यांनी 6174 या संख्येचा गुण शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. हेच पुन्हा पुन्हा केल्यास फार तर सात पायऱ्यांत 6174 येते. जगभरचे गणिती या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

लोकप्रियता : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राह्मण वाड्यांपासून शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत आणि गिरणगावच्या चाळींत हे नाव सर्रास आढळे. ‘द.’ या आद्याक्षराने सुरू होणाऱ्या मराठी लेखकांच्या नावांत त्याचा वाटा मोठा आहे. शतकाच्या अखेरीस दोन-तीन अक्षरी नावांची आवड वाढली आणि देवादिकांची लांब नावे मागे पडली. आज नवजात मुलाला दत्तात्रय हे नाव क्वचितच मिळते. त्याऐवजी श्रीपाद, अवधूत किंवा नुसते दत्त निवडले जाते. पण मराठी माणूस आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो. त्यामुळे एका पिढीने ठेवलेले दत्तात्रय पुढच्या पिढीच्या प्रमाणपत्रांवर आणि सातबारावर मधले नाव म्हणून चालूच आहे.