दूरच्या डिस्कची भाषा : युनिक्सवरील क्लायंट सॉफ्टवेअरचा इतिहास (१९८४ ते २०१९)

बीजसंज्ञा : युनिक्स, नेटवर्क डिस्क, क्लायंट, एन.एफ.एस., एस.एम.बी., सांबा, खुली नियमावली

प्रस्तावना

युनिक्स कार्यप्रणालीचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. त्या काळात एकाच संगणकावर अनेक जण टर्मिनलच्या साहाय्याने काम करीत आणि सर्वांच्या फाइल त्याच संगणकाच्या डिस्कवर साठविल्या जात. 'माझी फाइल कोणत्या यंत्रावर आहे?' हा प्रश्नच तेव्हा उद्भवत नव्हता. १९८०च्या दशकात प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आला आणि हा प्रश्न निर्माण झाला. त्याचे उत्तर म्हणून नेटवर्क डिस्क आली, म्हणजे दुसऱ्या यंत्रातील डिस्क नेटवर्कद्वारे आपलीच असल्याप्रमाणे वापरण्याची सोय.

या सोयीला दोन बाजू आहेत. डिस्क ज्याच्याकडे आहे तो सर्व्हर आणि ती मागणारा तो क्लायंट. संगणकाच्या इतिहासलेखनात सर्व्हरला अधिक स्थान मिळते, तर क्लायंट सॉफ्टवेअर दुय्यम मानले जाते. प्रस्तुत निबंधाची भूमिका याहून भिन्न आहे. डिस्कवरील माहिती सुरक्षित असली तरी तिची मागणी करण्याची भाषा ज्याला येत नाही, त्याच्यासाठी ती नसल्यासारखीच असते. ही भाषा म्हणजेच प्रोटोकॉल किंवा नियमावली. ती कोणाला ठाऊक असावी, या प्रश्नाभोवतीच या विषयाचा इतिहास फिरतो, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. डिस्क नसलेला संगणक

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. त्या वेळी डिस्क महाग असल्याने कंपनीने स्वतःची डिस्क नसलेली वर्कस्टेशनेही विकली. अशा यंत्राला सर्व्हरच्या डिस्कचा एक भाग नेटवर्कवरून दिला जाई. या पहिल्या व्यवस्थेत क्लायंट फाइल मागत नसे, तर डिस्कवरील कच्चे खंड मागत असे. त्यामुळे प्रत्येक यंत्राला आपापला वेगळा भाग लागे. सामायिक भाग केवळ वाचता येई. दोन व्यक्तींनी एकाच फाइलसंग्रहावर एकत्र काम करणे यातून साध्य होत नव्हते.

२. एन.एफ.एस. : प्रकाशित नियमावली

या मर्यादेतून 'नेटवर्क फाइल सिस्टिम' अर्थात एन.एफ.एस.ची निर्मिती झाली. १९८४ मध्ये सुरू झालेले हे काम १९८५ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचले. रसेल सँडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या रचनेवरील शोधनिबंध त्याच वर्षी युसेनिक्स परिषदेत सादर केला. युनिक्समध्ये सर्व फाइल एकाच वृक्षाकार रचनेत असतात. 'माउंट' या आज्ञेने दूरची डिस्क त्या वृक्षाला फांदीसारखी जोडली जाई. क्लायंटचे काम कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चाले. त्यामुळे फाइल उघडणाऱ्या सामान्य प्रोग्रॅमला ती फाइल दुसऱ्या खोलीतील यंत्रावर आहे, याचा पत्ताही नसे.

एन.एफ.एस.चे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे सर्व्हर काहीच लक्षात ठेवीत नसे. कोणी कोणती फाइल उघडली आहे आणि कुठपर्यंत वाचली आहे, याची सर्व नोंद क्लायंटकडेच राही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असे. सर्व्हर मध्येच बंद पडला, तर क्लायंट तीच मागणी पुनःपुन्हा करी आणि सर्व्हर सुरू होताच काम जिथे थांबले होते तिथून पुढे चाले. सर्व्हर प्रतिसाद देत नसल्याचा पडद्यावरील संदेश त्या पिढीच्या युनिक्स वापरकर्त्यांच्या चांगलाच परिचयाचा होता. अर्थात या साधेपणाची किंमतही होती. फाइलला कुलूप लावण्यासाठी, म्हणजे एकाच वेळी दोघांनी ती बदलू नये यासाठी, वेगळी सेवा जोडावी लागली.

ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नियमावलीचे प्रकाशन. एन.एफ.एस.च्या दुसऱ्या आवृत्तीचे वर्णन मार्च १९८९ मध्ये आर.एफ.सी. १०९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. तिसऱ्या आवृत्तीचे वर्णन जून १९९५ मध्ये आले. १९९८ मध्ये सनने पुढील आवृत्तीवरील आपले नियंत्रण इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आय.ई.टी.एफ. या संस्थेकडे सोपविले. परिणामी स्पर्धक कंपन्यांनाही आपापले क्लायंट लिहिता आले.

तथापि या व्यवस्थेत एक गंभीर उणीव होती. आरंभीच्या आवृत्त्यांच्या नेहमीच्या वापरात 'मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता आहे' असे क्लायंटने सांगितले की सर्व्हर ते मान्य करी. यंत्रे प्रशासकाच्या ताब्यात होती तोवर हा विश्वास चालून गेला. प्रत्येक जण आपल्या यंत्राचा मालक झाला, तेव्हा मात्र तो पुरेसा राहिला नाही. चौथ्या आवृत्तीने (२०००, सुधारित २००३) सबळ ओळखपडताळणी अनिवार्यपणे उपलब्ध करून देण्याची अट घातली आणि फाइलचे कुलूप मूळ नियमावलीतच आणले.

३. एस.एम.बी. : अनेक बोलींची भाषा

याच काळात वैयक्तिक संगणकांच्या जगात दुसरी भाषा रुजत होती. आय.बी.एम.मध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी 'सर्व्हर मेसेज ब्लॉक' अर्थात एस.एम.बी.ची पायाभरणी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने तिचा विस्तार केला. या नियमावलीच्या आवृत्त्यांना तांत्रिक परिभाषेतही 'बोली' असेच म्हटले जाते. संभाषणाचा आरंभ क्लायंट करतो. आपल्याला कोणकोणत्या बोली येतात याची यादी तो पाठवितो आणि सर्व्हर त्यातील एक निवडतो. एकही समान बोली न सापडल्यास संभाषण तेथेच संपते.

या बोलींचे वर्णन पूर्णतः गुप्त होते असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. एक्स/ओपन या संस्थेने जुन्या बोलींचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध केले होते. परंतु प्रत्यक्ष वापरातील भाषा सतत पुढे जात होती आणि तिच्या नव्या शब्दांचा कोश बाहेरच्यांना उपलब्ध नव्हता.

४. कॅनबेरा येथील प्रयोग

डिसेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील पीएच.डी.चे विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. आपल्या डॉसच्या संगणकावरून ते पी.सी.-एन.एफ.एस. या क्लायंटद्वारे सनच्या यंत्रांवरील डिस्क वापरीत असत. एका नव्या प्रोग्रॅमसाठी त्यांना डिजिटल कंपनीचा पाथवर्क्स हा क्लायंट घ्यावा लागला. पाथवर्क्सचा सर्व्हर मात्र सनच्या यंत्रांसाठी उपलब्ध नव्हता. डिस्क होती, तार होती, क्लायंटही होता, परंतु दोन्ही बाजूंची भाषा जुळत नव्हती.

ट्रिजेल यांनी क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात तारेवरून जाणारे संदेश टिपणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या संदेशांच्या निरीक्षणावरून त्यांनी काही दिवसांतच स्वतःचा सर्व्हर तयार केला आणि जानेवारी १९९२ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. आपण जी भाषा शिकलो तिचे नाव एस.एम.बी. आहे, हेही त्यांना तेव्हा माहीत नव्हते. या पद्धतीचे वर्णन करताना त्यांनी पुढे फ्रेंच उपाहारगृहाचा दाखला दिला. फ्रेंच न येणाऱ्याने तेथे बसून ग्राहक काय बोलतो आणि वेटर काय आणून देतो याकडे लक्ष ठेवले, तर हळूहळू भाषा उमगते. कोणाचाही स्रोतसंकेत न घेता केवळ संभाषण ऐकून साधलेले हे आकलन होते.

१९९४ मध्ये एका कंपनीच्या व्यापारचिन्हामुळे या सॉफ्टवेअरचे नाव बदलावे लागले. एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असणारा शब्द ट्रिजेल यांनी युनिक्समधील शब्दयादीत शोधला आणि त्यातून 'सांबा' हे नाव पुढे आले.

५. दोन प्रकारचे क्लायंट

सांबाच्या संचात सर्व्हरबरोबर 'एसएमबीक्लायंट' हा छोटा प्रोग्रॅमही समाविष्ट झाला. वापराच्या दृष्टीने तो एफ.टी.पी.सारखा होता. विंडोज यंत्रावरील सामायिक फोल्डरचे नाव द्यावे, पासवर्ड टंकावा, यादी पाहावी आणि हवी ती फाइल आणावी किंवा पाठवावी. डिस्क वृक्षाला जोडली जात नसल्यामुळे त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नसत. विद्यापीठाच्या सामायिक युनिक्स यंत्रावर काम करणाऱ्या साध्या विद्यार्थ्यालाही कार्यालयातील विंडोज संगणकावरची आपली फाइल त्यामुळे मिळविता येई.

दुसरा प्रकार कर्नलमधील क्लायंटचा. लिनक्समध्ये प्रथम एसएमबीएफएस आणि नंतर स्टीव्ह फ्रेंच यांनी लिहिलेला सी.आय.एफ.एस. क्लायंट आला. यात विंडोजची डिस्क युनिक्सच्या वृक्षाचाच भाग होई, परंतु ती जोडण्यासाठी सामान्यतः प्रशासकाची परवानगी लागे. २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत 'फ्यूज' ही व्यवस्था समाविष्ट झाली आणि सामान्य वापरकर्त्यालाही दूरचा फाइलसंग्रह स्वतः जोडता येऊ लागला. सोयीच्या या दोन टप्प्यांत 'डिस्क कोण जोडू शकतो?' या प्रश्नाचे उत्तर क्रमाने व्यापक होत गेलेले दिसते.

६. देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाचा एक पैलू विशेष लक्षणीय आहे. जुन्या एस.एम.बी. बोलींत फाइलचे नाव डॉसच्या 'कोड पेज'नुसार पाठविले जाई आणि मायक्रोसॉफ्टच्या कोड पेजांत देवनागरीसाठी डॉसचे कोड पेज नव्हते. त्यामुळे विंडोज २०००च्या डिस्कवर 'ताळेबंद' हे नाव युनिकोडमध्ये अचूक साठविलेले असले, तरी जुनी बोली बोलणाऱ्या क्लायंटपर्यंत ते पोहोचत नसे. सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या सांबा ३.० ने तारेवर युनिकोडचा स्वीकार केला. एन.एफ.एस.च्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्त्या नावाकडे केवळ बाइटची माळ म्हणून पाहत. चौथीने यू.टी.एफ.-८ चा अवलंब केला. या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. युनिक्समध्ये नावाची नेहमीची मर्यादा २५५ बाइटची असल्याने रोमन लिपीतील नाव २५५ चिन्हांचे होऊ शकते, देवनागरीतील मात्र ८५ चिन्हांचेच. काना, मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

७. न्यायालयातील नियमावली

ऐकून शिकलेल्या भाषेला मर्यादा असतात. मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर सांबाच्या लेखकांना पुन्हा नव्याने ऐकावे लागे. युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि सर्व्हरांच्या परस्परसंवादासाठी आवश्यक माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने हा निर्णय मुख्यत्वे कायम ठेवला. त्यानंतर २० डिसेंबर २००७ रोजी झालेल्या करारानुसार १०,००० युरोंचे एकरकमी शुल्क भरून ही कागदपत्रे सांबाच्या लेखकांना उपलब्ध झाली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोटोकॉलविषयक हजारो पाने सर्वांसाठी प्रसिद्ध केली. डिसेंबर २०१२ मध्ये आलेला सांबा ४.० सक्रिय निर्देशिका सेवेचा, म्हणजे 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'चा, नियंत्रक म्हणून काम करू शकला. कॅनबेरातील विद्यार्थ्याने तारेवर ऐकलेली भाषा सोळा वर्षांनी खुल्या पानांवर आली.

८. जुन्या बोलीचा अस्त

खुलेपणाने सर्व प्रश्न सुटले असे नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजमधील एस.एम.बी.च्या पहिल्या पिढीच्या हाताळणीतील त्रुटीचा गैरफायदा घेऊन जगभर हानी केली. सप्टेंबर २०१९ मध्ये सांबा ४.११ ने ही जुनी बोली मूळ मांडणीतच बंद केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते. मात्र केवळ जुनी बोली जाणणारी अनेक साठवणयंत्रे यामुळे नव्या क्लायंटच्या आवाक्याबाहेर गेली. त्यांतील माहिती नष्ट झाली नव्हती. प्रशासकाने जाणीवपूर्वक जुनी बोली पुन्हा सुरू केल्याशिवाय ती मागता मात्र येत नव्हती.

निष्कर्ष

१) नेटवर्क डिस्कच्या इतिहासात क्लायंट हा दुय्यम घटक नाही. माहितीपर्यंत कोण पोहोचू शकेल, हे प्रत्यक्षात क्लायंटच्या उपलब्धतेवर अवलंबून राहिले.
२) एन.एफ.एस.ची नियमावली प्रकाशित असल्याने तिचा प्रसार अनेक निर्मात्यांद्वारे झाला. एस.एम.बी.च्या बाबतीत तेच कार्य निरीक्षण, दीर्घ परिश्रम आणि अखेरीस कायदा यांच्या बळावर करावे लागले.
३) क्लायंटवरील विश्वास आणि सर्व्हरची सुरक्षितता यांतील समतोल प्रत्येक पिढीला नव्याने साधावा लागला.
४) लिपीचा प्रश्न हा केवळ पडद्यावरील अक्षरांचा प्रश्न नाही. नियमावलीत लिपीला स्थान नसेल, तर त्या लिपीतील नावाची फाइल मागताही येत नाही.

समारोप

ग्रंथालये, महाविद्यालये आणि अभिलेखागारे आपले दस्तऐवज डिस्कवर जपून ठेवीत आहेत. जतनाचा विचार करताना आपण डिस्कचे आयुष्य मोजतो आणि प्रती काढून ठेवतो. ते आवश्यकच आहे. परंतु मोडी लिपीतील दफ्तरे सुस्थितीत असूनही वाचणारे विरळ झाले, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. दस्तऐवजाबरोबर तो वाचण्याची विद्याही जपावी लागते. नेटवर्क डिस्कच्या बाबतीत ती विद्या म्हणजे प्रसिद्ध झालेली नियमावली आणि तिच्या आधारे कोणालाही लिहिता येईल असा क्लायंट. नवी साठवणव्यवस्था स्वीकारताना तिची क्षमता आणि किंमत यांबरोबरच तिची भाषा खुली आहे काय, हेही संस्थांनी विचारले पाहिजे.