घडीमागची भूमिती : ओरिगामीच्या ग्रंथांकडे वळताना

मद्रासमध्ये 1893 साली टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची कल्पना त्यांना बालोद्यानातल्या रंगीत चौकोनी कागदांवरून सुचली. चौरस कागद दुमडून समभुज त्रिकोण, पंचकोन कसे मिळतात हे त्यांनी दाखवले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि 1901 साली ते पुस्तक शिकागोहून पुन्हा प्रसिद्ध झाले. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी कागदी खेळण्यांमधून तोच विचार असंख्य शाळकरी हातांपर्यंत पोहोचवला. म्हणून मराठी वाचकाने ओरिगामीच्या, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या, या विषयात परकेपणाने शिरण्याचे कारण नाही. होडी आणि दौत करणाऱ्या बोटांना त्याची ओळख आधीच आहे.

पुढची पायरी पुस्तकाची. ते निवडताना मुखपृष्ठावरचा ड्रॅगन पाहू नये, आतल्या आकृत्या पाहाव्यात. जपानचे अकिरा योशिझावा यांनी बाण आणि तुटक रेषांची चिन्हलिपी रूढ केली. 1954 सालच्या त्यांच्या पुस्तकातून ती पुढे आली आणि नंतर सॅम्युएल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन यांनी ती जगभर नेली. ही लिपी आली की जपानी अक्षर न कळताही जपानी पुस्तक उघडता येते. प्राण्यांची आवड असेल तर जॉन माँट्रोल, अनेक सुटे भाग गुंफायचे असतील तर तोमोको फुसे यांचे ‘युनिट ओरिगामी’ घ्यावे. रचना कशी सुचते हे समजून घ्यायचे असेल तर रॉबर्ट लँग यांचे 2003 सालचे ‘ओरिगामी डिझाइन सीक्रेट्स’ वाचावे. लँग दाखवतात की प्रत्येक पाय किंवा शिंग कागदावर वर्तुळाएवढी जागा मागते: कोपऱ्यात पाव, कडेला अर्धे, मध्यभागी पूर्ण. कीटकाच्या सहा पायांसाठी मोठा आणि पातळ कागद का लागतो, ते इथे उमगते.

अवघड नमुना हातांच्या चपळाईपेक्षा वाचनाची परीक्षा घेतो. अशा नमुन्यात आधी साऱ्या रेषा पाडून ठेवायच्या असतात आणि मग अनेक घड्या एकदम घालायच्या असतात. तिथे अडखळल्यास जोर लावू नये. कागद सपाट मिटत असेल तर घड्या एकत्र येतात अशा आतल्या कोणत्याही बिंदूपाशी डोंगर-घड्या (वर उचललेल्या) आणि दरी-घड्या (आत दबलेल्या) यांच्या संख्येत नेमका दोनाचा फरक असतो. जुन मायेकावा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम लावून घड्या मोजल्या की चुकलेली रेष बहुधा सापडते. पुढच्या दोन आकृत्या आधी पाहाव्यात, कारण प्रत्येक आकृतीचे उत्तर तिच्या पुढच्या आकृतीत असते. घोटीव कागद सरावाला उत्तम. पण वारंवार दुमडल्यावर त्याचा रंग उडतो, तेव्हा अवघड नमुन्यासाठी पातळ पण चिवट कागद शोधावा.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात पुस्तक चाळताना एवढेच तपासावे: ते केवळ नमुने देते, की घडीचे कारणही सांगते? कारण सांगणारे पुस्तक निवडा. त्यातला एक नमुना पुरा समजला, की पुढचे दहा तुम्हाला स्वतःहून वाचता येतील आणि अकरावा कदाचित तुमचा स्वतःचा असेल.