वजनावर विकलेला इतिहास

१९७२च्या दुष्काळात आमच्या उदगीरच्या घरातून जी वस्तू सर्वांत आधी बाहेर गेली, ते दादीचे पानदान होते. बिदरी कामाचे, काळेभोर, अंगावर चांदीच्या बारीक वेली. दादी बिदरहून लग्न होऊन आल्या तेव्हा जहेजमध्ये ते आले होते. मोडीच्या व्यापाऱ्याने ते तराजूत टाकले, जस्ताचा भाव लावला आणि चांदी खरवडण्याची मजुरी उलट कापून घेतली. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. घरात ज्वारी आली आणि ती आम्ही सर्वांनी खाल्ली. त्या दिवशी आम्ही नेमके काय विकले, हे कळायला आम्हांला पुढची कित्येक वर्षे लागली.

बिदर आणि उदगीर आज दोन राज्यांत आहेत. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी मात्र उदगीर हा बिदर जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे बिदरी ही मराठवाड्याला परक्या मुलखाची कला नाही. १५व्या शतकात बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. इराणहून आलेल्या एका कारागिराने ही कला इथे रुजवली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोरून चांदी बसवण्याची रीत इराण-अरबस्तानाकडची असली, तरी जस्ताच्या काळ्या धातूवर ती उमटवणे हे दख्खनचेच. हे काम मुसलमान कारागिरांनी केले, तसेच लिंगायतांनीही केले.

कृती ऐकायला साधी आहे. जस्तात थोडे तांबे मिसळायचे, सुमारे सोळास एक. मातीच्या साच्यात ओतीव भांडे करायचे, ते कानशीने घासायचे आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करायचे, म्हणजे त्यावर नक्षीच्या रेघा दिसतात. मग छिन्नीने नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. धातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र जशीच्या तशी राहते. ऊन-पाऊस न लागलेली ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. कोणत्या ग्रंथात सापडणार नाही असे हे ज्ञान बापाच्या हातून मुलाच्या हाती गेले.

अशा कामातून हुक्क्याची बैठक, सुरई, उगालदान, अत्तरदान, पानदान तयार होत असे. कपाटात मांडून ठेवण्यासाठी हे कोणी घेत नव्हते. पाहुणा आला की पानदान पुढे सरके, लग्नात अत्तरदान फिरे. पानाचे तबक हिंदू घरांतही तितक्याच मानाचे होते. दख्खनच्या तहजीबीत माणसामाणसांतला आदर अशा लहान वस्तूंच्या हातून एकमेकांना दिला जाई.

खरेदीदार बदलला तशी वस्तूही बदलली. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी काम मांडले गेले आणि युरोपीय संग्राहकांची नजर त्यावर पडली. पुढे हुक्क्याची चाल कमी झाली. त्याच हातांनी मग फुलदाण्या, सिगारेटच्या डब्या, गुंड्या घडवल्या. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या. जहागिऱ्या जाणे न्याय्यच होते. पण त्यांच्याबरोबर कारागिरांचे मोठे गिऱ्हाईक गेले आणि देवड्यांतल्या वस्तू बाजारात आल्या.

ज्यांनी त्या वाचवल्या, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. हैदराबादचे तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी हयातभर वस्तू जमवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ साली ते संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तिथल्या बिदरी दालनात आम्ही कितीदा तरी उभे राहिलो आहोत. सालारजंगांकडे दौलत होती. पुण्याच्या दिनकर केळकरांकडे ती नव्हती. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा हा माणूस पत्नी कमलाबाईंना सोबत घेऊन खेडोपाडी हिंडला, दिवे, अडकित्ते, दौती गोळा करीत राहिला. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, त्यात त्यांना इतिहास दिसला.

तरीही काचेआडच्या चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट सलते. वस्तूचे नाव असते, शतक असते, संग्राहकाचेही नाव असते. घडवणाऱ्याचे नाव बहुधा नसते आणि वापरणारीचे तर कधीच नसते. दख्खनच्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की सुलतान आणि नवाब आठवतात. दादीसारख्यांच्या उशाशी असलेला इतिहास आपण स्वतःच मोडीत घातला, मग तो इतरांनी लिहावा अशी अपेक्षा कशी धरायची?

आजही मुंबईच्या चोरबाजारात बिदरीचे जुने तुकडे दिसतात. घेणाऱ्याने बोट फिरवून पाहावे. चांदी आणि धातू एकाच पातळीवर लागतात. लोहचुंबक चिकटत नाही. काळेपणा बोटाला येत असेल तर तो नुसता रंग आहे. घरी आणल्यावर राखेने किंवा पॉलिशने घासू नये, तेलाचा हात पुरे. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पण केवळ जुनेच का घ्यावे? २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. सन्मानाने पोट भरत नाही, गिऱ्हाइकाने भरते.

अलीकडे आम्ही बिदरला जाऊन एक लहान पानदान आणले. आमच्या घरात आता पान कोणी खात नाही. कारागिराला त्याचे नाव विचारले तेव्हा तो जरा चमकला, मग त्याने स्वतःच्या हाताने ते कागदावर लिहून दिले. तो कागद आम्ही पानदानात ठेवला आहे. त्याखाली आम्ही दादीचे नाव लिहिले.