कायदेमंडळाचे सभासद बाबू हरदास

पारशिवनी तालुक्याच्या सीमेवरील कन्हान गावाहून पूल ओलांडला की कामठी लागते. तेथे नदीच्या काठी बाबू हरदास यांची समाधी असून, दरवर्षी १२ जानेवारीस तेथे समाजबांधव जमतात. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. परंतु तेथे विसावलेला पुरुष जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळाचा सभासद होता, आजच्या भाषेत आमदार होता, हे नव्या पिढीतील थोड्यांसच ठाऊक असते. त्यांचे नागराळे हे आडनावही आता मागे पडले आहे. लोकांच्या तोंडी राहिले ते ‘हरदास एल. एन.’ एवढेच.

त्यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठी येथे एका महार कुटुंबात झाला. वडील लक्ष्मणराव रेल्वेत कारकून होते. हरदासांचे शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात मॅट्रिकपर्यंत झाले. आर्यसमाजाचे स्वामी ब्रह्मानंद यांच्यापाशी ते संस्कृतही शिकले. त्या काळी अस्पृश्य मुलाने संस्कृत शिकणे ही लहान गोष्ट नव्हे. सोळाव्या वर्षी विवाह झाला आणि सतराव्या वर्षी, म्हणजे १९२१ साली, त्यांनी ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ज्या वयात आपली मुले परीक्षेच्या निकालाची वाट पाहत असतात, त्या वयात हा मुलगा वर्तमानपत्राचा संपादक होता!

पुढील सारे कार्य त्यांनी याच घाईने केले. १९२२ साली त्यांनी समाजाची संघटना उभारली व तिच्या जोडीस तरुणांचे स्वयंसेवक पथक. कामठीत रात्रीच्या शाळा काढल्या. त्यांत एका वेळी ८६ मुलगे व २२ मुली शिकत असत. दिवसभर राबणाऱ्या वस्तीतील या २२ मुलींची संख्या मला ८६ हून मोठी वाटते. संत चोखामेळा यांच्या नावाने वाचनालय निघाले, नागपुरात महिलाश्रम निघाला. विडी वळणाऱ्या आपल्या बायाबापड्यांची होणारी पिळवणूक पाहून त्यांनी सहकारी तत्त्वावर विडीचा कारखाना चालविला. व्याख्याने देणारे पुढारी त्या काळीही होते, परंतु मजुराच्या हाती मजुरी पडावी यासाठी स्वतः धंद्यात उतरणारे थोडेच.

पोटजातीच्या भिंतींविषयी ते फार कठोर होते. बावणे, लाडवण, बारके, कोसरे हे भेद मोडावेत म्हणून चोखोबांच्या पुण्यतिथीस ते दरवर्षी सहभोजन घडवीत. एका पंगतीस बसणे तेव्हा अवघड होते. सोयरिकीच्या वेळी हा प्रश्न हळूच विचारणारी घरे अद्याप सर्वस्वी संपलेली नाहीत, हे येथे लिहिण्यास मला संकोच वाटत नाही.

१९२७ साली रामटेक येथे किसन फागुजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी सभा भरविली. पारशिवनी तेव्हा रामटेक तहसिलीतच मोडत असल्याने ही आपल्या पूर्वजांच्या अंगणातील घटना होय. रामटेकच्या देवळातील मूर्तिपूजा सोडा आणि अंबाळा तलावाच्या घाण पाण्यात स्नान करणे सोडा, असे त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. मग याच पुरुषाने २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहास आपले अनुयायी का पाठविले? वरवर पाहता यात विसंगती दिसते, पण ती नाही. देव मानावा की न मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. दार बंद करण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची व त्यांची भेट १९२८ साली झाली आणि तेथून त्यांच्या राजकीय जीवनाचा आरंभ झाला. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, असा वाद उपस्थित झाला, तेव्हा त्यांनी विलायतेस पंतप्रधान मॅकडोनल्ड यांच्याकडे तार धाडून बाबासाहेबांचे नाव कळविले. अशा ३२ तारा ठिकठिकाणांहून जातील अशीही व्यवस्था केली. १९३२ साली नागपूरच्या डॉ. मुंजे यांच्याशी एम. सी. राजा यांनी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केले. त्यास उत्तर म्हणून ७ मे १९३२ रोजी कामठीस अखिल भारतीय परिषद भरली व तिने स्वतंत्र मतदारसंघांची मागणी उचलून धरली. या परिषदेच्या उभारणीत हरदासांचा वाटा मोठा होता.

परंतु त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. मध्यप्रांतास जातीय निवाड्याने दिलेल्या १० जागा कराराने २० झाल्या. मात्र अंतिम निवड सर्व हिंदू मतदारांच्या हाती गेली. जागा वाढल्या आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती राहिली. शिवाय मताचा हक्क मालमत्ता, सारा, शिक्षण यांच्या अटींवर असल्याने विडी कामगाराच्या घरी तो क्वचितच पोचत असे. अशा स्थितीत काँग्रेसची लाट असताना १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने नागपूर-कामठी मतदारसंघातून बाबू हरदास निवडून आले. रात्रशाळा, कारखाना व साप्ताहिक यांतून जोडलेली माणसे त्यांच्या पाठीशी नसती, तर हे घडले नसते असे माझे मत आहे.

११२ सभासदांच्या त्या सभागृहात काँग्रेसचे निर्विवाद बहुमत होते. हरदास सभासद असतानाच, जुलै १९३८ मध्ये, डॉ. ना. भा. खरे यांनी आपल्या नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज या अस्पृश्य सभासदास घेतले आणि ते मंत्रिमंडळ अल्पावधीतच कोसळले. त्याच वर्षी प्रांतिक स्वतंत्र मजूर पक्षाचे अध्यक्षपद हरदासांकडे आले. पण क्षयाने त्यांना गाठले होते. १२ जानेवारी १९३९ रोजी, पस्तिशी पुरी करून सहाच दिवस झाले असता, त्यांचा अंत झाला. कायदेमंडळात त्यांना पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत.

‘जोहार मायबाप’ हा वाकून करावयाचा नमस्कार त्यांना सहन होत नसे. कामठीतील एका मौलवींकडून त्यांनी मुसलमानांच्या अभिवादनाची रीत समजून घेतली, असे सांगतात. एकाने ‘सलाम’ म्हणावे व दुसऱ्याने त्याच मानाने उत्तर द्यावे, ही बरोबरी त्यांना आवडली. त्यावरून एकाने ‘जय भीम’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘बल भीम’ म्हणून उत्तर द्यावे, असे त्यांनी सुचविले. कार्यकर्त्यांनी ते गावोगाव नेले. पुढे लोकांनीच त्यात दुरुस्ती केली. ‘बल भीम’ मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च राहिले.