चंद्रभागेचा उतार आणि पंढरीतली धर्मशाळा

पंढरीत पोचलं की वारकऱ्याला आधी चंद्रभागेचं पाणी लागतं आणि मग पाठ टेकायला जागा. शताब्दीच्या या अंकात आम्ही या दोन्हींची हकिकत लिहायला घेतली, त्याला कारण आहे. पंढरीत आपल्या दिंडीची स्वतःची जागा असावी, असं बोलणं यंदा आपल्यात सुरू आहे. जुन्या जागा कशा उभ्या राहिल्या, ते त्याआधी माहीत असलेलं बरं.

आळंदी-देहूकडची वाट वाखरीवरून सरळ गावात शिरते. सोलापूर-मोहोळकडून येणाऱ्याला मात्र पंढरपुराशी भीमा आडवी. पूल नव्हते तेव्हा उन्हाळ्यात पाण्यातून चालत यायचं, आणि आषाढात नदी भरली की कोळ्याच्या होडीशिवाय गती नाही. ज्या महादेव कोळी समाजाच्या हातात वल्हं, त्याच्याकडेच पुंडलिकरायाची पूजाअर्चा. नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या देवाची सेवा नदी जाणणाऱ्या माणसांकडे असावी, हे आम्हाला फार शोभून दिसतं. विष्णुपद, गोपाळपूरला नेणाऱ्या होड्या आजही वाळवंटात लागलेल्या असतात. फरक एवढाच, की उजनी धरण 1980 साली पुरं झाल्यापासून चंद्रभागेला पाणी किती, हे पावसाइतकंच धरणाच्या दरवाजांवर ठरतं.

घाटाचे दगड राजेरजवाड्यांच्या आणि सावकारांच्या पैशानं बसले. महाद्वार घाटाच्या अंगाला अहिल्याबाईंचा होळकर वाडा आहे, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं द्वारकाधीशाचं मंदिर आहे. चिरेबंदी कामं ती, पूर येतो-जातो, हलत नाहीत. पण तिथं गरीब वारकऱ्यानं पथारी कुठं टाकायची? वाळवंटात कीर्तनाला कुणीही उभं राहावं. रात्र पडली, पाऊस लागला, की ज्याची त्याची वाट वेगळी. कुणी बडव्यांच्या घरी, कुणी आपल्या फडाच्या मठात. ज्याची ओळख नाही, पैसा नाही आणि जातीमुळे ज्याला कुणी ओसरीवरही घेत नाही, तो झाडाखाली. चोखोबांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीसमोर आहे, म्हणजे दाराबाहेरच. त्यांना गाव सोडून पैलतीरी राहावं लागलं आणि तिथं त्यांनी दीपमाळ उभारली, असं परंपरा सांगते.

1906 साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरापर्यंत आली. चालणाऱ्यांत गाडीनं येणाऱ्यांची भर पडली, गर्दी वाढली. निवाऱ्याचा प्रश्न होता तो आणखी मोठा झाला.

तो प्रश्न अंगावर घेतला गाडगेबाबांनी. परीट घरातला हा माणूस, मूळचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 1876, गाव अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बाबांच्या बांधकामांची सुरुवातही नदीकाठीच झाली. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी जत्रेत लोक चिखलात घसरून पडायचे. बाबा आधी स्वतः चिखल काढून वाट करून द्यायचे, म्हातारीकोतारी हाताला धरून उतरवायचे, असं सांगतात. पुढं 1908 च्या सुमारास तिथं पक्का घाट झाला. मग पंढरपूर. 1917 साली चंद्रभागेकाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढं मराठा धर्मशाळाही झाली. ही जातीवरून पडलेली नावं आज वाचताना जरा खटकतात. पण ज्याला गावभर नकारच ऐकायला मिळे, त्यानं दारावर चोखोबांचं नाव पाहिलं की विचारायची गरजच उरत नव्हती, हेही ध्यानात घ्या. पैसा आला तो कीर्तनातून, लोकांच्या गाठीचा. बाबा स्वतः खराटा घेऊन वाळवंट झाडत, अन् जेवायला हातात फुटकं मडकं. कुठल्याच इमारतीवर त्यांनी घरच्यांचा हक्क ठेवला नाही.

तोवर देवळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. छप्पर मिळालं त्याला तीस वर्षं झाली तरी दर्शन नाही! मे 1947 मध्ये साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडलं. 1949 साली बाबांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एकानं बांधली, दुसऱ्याकडे सोपवली आणि मधे मालकी अशी कुणाची आलीच नाही. आम्हाला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट मोठी वाटते.

वाळवंटात राहुट्या टाकायला आता बंधनं आली. दिंड्यांसाठी नदीपलीकडं 65 एकरांचा तळ आहे, पाणी, वीज, शौचालयं आहेत. आपल्यातली तरणी मंडळी म्हणतात, एवढी सोय असताना जागा कशाला? म्हातारी माणसं म्हणतात, पावसात तंबूत पाणी शिरलं की कळेल. दोघांचंही खरं आहे. आमचं म्हणणं इतकंच, की जागा घेतलीच तर देणगीदारांसाठी खोल्या राखून ठेवण्याचं कलम कागदात घालू नये. आणि एक ओसरी, नदीकडच्या अंगाची, बिनदाराची ठेवावी. आपल्या दिंडीत नाव नसलेला माणूस रात्री उशिरा आला, तर त्यानं तिथं पथारी टाकावी. सकाळी त्याला चहा द्यायचा, तो कुठल्या गावचा हे मग विचारायचं.